चटई

आमच्या हॉटेलच्या माळ्यावर पत्र्याच्या चार ट्रंका आहेत. माझ्या सासऱ्यांनी, आबांनी, १९७५ पासूनच्या वह्या त्यांत रचून ठेवल्या आहेत. वर डांबराच्या गोळ्या, खाली कडुलिंबाचा पाला. परमिट रूमच्या धंद्यात या वहीला चटई म्हणतात, कारण उघडली की ती टेबलभर पसरते. डावीकडे मालाची नावं, वर बाटल्यांची मापं आणि प्रत्येक मापाखाली चार घरं: आरंभीची शिल्लक, आवक, विक्री, अखेरची शिल्लक. शेवटचं गिऱ्हाईक उठलं, खुर्च्या टेबलांवर उलट्या चढल्या, की आबा चष्मा पुसून चटई पसरायचे. ७५० मिलिलिटरची बाटली फोडली की तिचे ३० चे २५ पेग. अकरा गेले तर चौदा दिसलेच पाहिजेत. मी लग्न होऊन या घरात आले १९८९ साली, आणि पहिल्याच आठवड्यात कळलं की आमच्याकडे एक वेळ जेवण मागे पडेल, चटई पडणार नाही.

२०१९ च्या मार्चमध्ये आमचे वस्ताद, म्हणजे मुख्य आचारी, दुपारची गर्दी ओसरल्यावर गल्ल्यापाशी आले. त्यांचे गुडघे गेले होते, तंदूरपुढे उभं राहणं होत नव्हतं. म्हणाले, "वहिनी, आता गावी जाईन म्हणतो. मला इथं किती वर्षं झाली, तेवढं बघून सांगा."

मला सांगता येईना. १९७५ च्या डिसेंबरात किती बिअर खपली हे मी पाच मिनिटांत काढून दिलं असतं. वस्ताद कधी आले, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. त्या संध्याकाळी ट्रंका खाली उतरवल्या आणि पुढचे पंधरा दिवस, हॉटेल बंद झाल्यावर, एकेक वही चाळत बसले. आमचा धंदा कसा घडला हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

माझ्या आजोळची जुनी माणसं दारूच्या दुकानाला गुत्ता म्हणत. गुत्ता म्हणजे मक्ता. दारू विकण्याचा हक्क लिलावात जाई, ज्याची बोली मोठी त्याचं दुकान, आणि मक्त्याचंच नाव दुकानाला चिकटलं. १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्याने हा सगळा कारभार सरकारच्या मुठीत आणला. ठाणे-कुलाब्यात मोहाची फुलं वाळवून घरी दारू काढायची रीत होती. १८९२ साली खास त्या फुलांसाठी कायदा झाला. उरणच्या भट्ट्यांमधली मोहाची दारू मुंबईला जात राहिली, पण अंगणात वाळत घातलेली फुलं गुन्ह्यात धरली जाऊ लागली. मुंबईत पारशांचे पिठे होते, इकडे सोलापूरकडे शिंदीची दुकानं होती. दारू पिणारा तेव्हाही होता आणि दारू विकणारा तेव्हाही होता, पण 'परमिट रूम' हा शब्द त्या काळात नव्हता. तो दारूबंदीने जन्माला घातला.

मुंबई शहरात पहिली दारूबंदी १ ऑगस्ट १९३९ ला आली. बाळासाहेब खेर मुख्यमंत्री होते आणि आबकारी खातं डॉ. गिल्डर यांच्याकडे होतं. ते स्वतः पारशी होते, आणि त्यांना सर्वांत कडाडून विरोध केला तो पारशी समाजाने, कारण शिंदीचा आणि दारूचा मोठा व्यापार त्यांच्याच लोकांकडे होता. बुडालेला महसूल भरून काढायला शहरातल्या घरांवर कर बसवला गेला. तीन महिन्यांत युद्धामुळे काँग्रेसची मंत्रिमंडळं राजीनामा देऊन बाहेर पडली आणि ती बंदी विरत गेली. पुढे स्वातंत्र्यानंतर मोरारजी देसाईंनी ती पक्की केली. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा, आणि ६ एप्रिल १९५० पासून मुंबई राज्यात पूर्ण दारूबंदी. १९५१ साली बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने औषधं आणि सौंदर्यप्रसाधनं यांच्याबाबतची कलमं उडवली, पण कायदा उभा राहिला. तो आजही उभा आहे. आमचा परवाना त्याच कायद्याखाली निघतो, आणि गुजरातेत त्याच कायद्याखाली आजही दारूबंदी चालते. आमच्या भिंतीवरच्या फ्रेममधल्या कागदाकडे मी कित्येक वर्षं नुसती बघत होते. आम्ही दारूबंदीच्या कायद्याने दारू विकतो, हे त्या कागदावर लिहिलेलं आहे.

या कायद्याने पिणाऱ्याला रोगी मानलं. डॉक्टरचा दाखला आणा, प्रकृतीसाठी लागते असं सिद्ध करा, मग परवाना मिळेल. अडीअडचणीला घरात ब्रँडी ठेवायची तर त्यालाही परवाना. ज्याच्याकडे परमिट आहे त्यानेच, ठरवून दिलेल्या खोलीत बसून प्यायची, ती परमिट रूम. अशा हॉटेलांची रचना आठवून पाहा, म्हणजे हे लक्षात येईल. कुठल्याही तालुक्याच्या गावी जा, पुढे उजेडात जेवणाचं हॉटेल, बाजूच्या बोळातून वेगळं दार, दाराला जाड पडदा, आत मंद दिवा. लोकांना वाटतं की लाजेपायी तसं केलंय. लाज असेलच, पण मूळ आराखडा कायद्याचा आहे: जेवणारे वेगळे आणि परमिटवाले वेगळे. आजही एका दिवसाचा परवाना विदेशी दारूला ५ रुपये, देशीला २ रुपये आणि आयुष्यभराचा १,००० रुपये असा आहे. बिअरला २१ वर्षांची अट आहे, कडक दारूला २५ ची. आबांच्या काळात परवान्यांचं पुस्तक काउंटरवर दोरीने बांधलेलं असे, आणि ते प्रत्येकाचं नाव-वय लिहून घेत. ट्रंकेत त्याच्या स्थळप्रतींची बाडं निघाली. नावांत शिक्षक आहेत, तलाठी आहेत, ट्रक चालवणारे सरदारजी आहेत. बाईचं नाव मला एकही सापडलं नाही.

दारूबंदीच्या काळात हातभट्टी फोफावली. मुंबईत आंटीचे अड्डे निघाले. आमच्या बाजूचे लोक, आबा सांगायचे, सोलापूर ओलांडून हैदराबाद राज्याच्या हद्दीत जायचे, कारण १९५६ पर्यंत पलीकडचा मुलूख वेगळ्या राज्याचा होता आणि तिथे बंदी नव्हती. महाराष्ट्र झाल्यावर साठच्या दशकात बंदी सैल होऊ लागली, आणि वसंतराव नाईकांच्या काळात ती खऱ्या अर्थाने सुटली. १९७३ साली देशी दारूचे नियम आले. सहकारी साखर कारखाने वाढत होते, मळी पडून होती, मळीपासून स्पिरिट आणि स्पिरिटपासून दारू हा रस्ता सरळ होता. सरकारला महसूल हवा होता आणि विषारी दारूने माणसं मरायला नको होती. दोन्ही कारणं खरी होती.

त्याच वेळी, १९७२ चा दुष्काळ. आमच्या धंद्याचा इतिहास लिहिणाऱ्याने ह्या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्याच पाहिजेत, असं मला फार वाटतं. एका बाजूने परवाने सुटत होते, आणि दुसऱ्या बाजूने खेड्यापाड्यांतून पोरं रस्त्यावर येत होती. आई-बाप रोजगार हमीवर खडी फोडायला, आणि नऊ-दहा वर्षांचं पोरगं हॉटेलात, कारण तिथे निदान दोन वेळा पोटात पडत होतं. माणसांच्या या साठ्यावर परमिट रूम उभ्या राहिल्या. दारूची आवक पासावर येत होती. पोरांची आवक दुष्काळातून, आणि त्याला पास नव्हता.

आबांनी १९६८ साली पुणे-सोलापूर रस्त्याला चहा-भज्यांचं हॉटेल टाकलं होतं. हा तेव्हाचा नऊ नंबरचा राष्ट्रीय महामार्ग, आता पासष्ट. एफएल-३ म्हणजे परमिट रूमचा परवाना त्यांना १९७५ साली मिळाला. धंदा माहीत नव्हता. मग ते पुण्याला एका शेट्टी अण्णांच्या परमिट रूममध्ये पंधरा दिवस राहून आले. दक्षिण कन्नड जिल्ह्यातून आलेल्या या लोकांनी मुंबई-पुण्याला आधी उडपी हॉटेलं चालवली, बंदी सैल झाल्यावर परमिट रूम काढल्या, आणि आमच्यासारख्या गावाकडच्या लोकांनी काम त्यांच्याकडून शिकलं. पेग कसा भरायचा, म्हणजे मेजर डोळ्यासमोर धरून, गिऱ्हाइकाला दिसेल असा. ग्लास कोरड्या फडक्याने कसा पुसायचा. चखण्याला फुटाणे किती मिठाचे, म्हणजे तहान लागेल पण तोंड वाळणार नाही. आणि चटई कशी लिहायची. आबा शेवटपर्यंत त्या अण्णांचं नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावत.

त्या अण्णांकडे त्यांनी आणखी एक गोष्ट पाहिली होती. मुंबईत कन्नड लोकांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून रात्रशाळा चालवल्या. दिवसा बशा विसळणारी पोरं रात्री शाळेत बसत. पुढे त्यांच्यातलेच कितीतरी मालक झाले, वकील झाले. अण्णा स्वतः तसेच शिकले होते. आबांना ते फार भावलं, पण आमच्या गावात रात्रशाळा कुठून आणणार?

त्या काळच्या पोरांचा दिवस वस्तादांनी मला सांगितला आहे, तो तसाच लिहिते. पहाटे पाचला उठून भट्टी पेटवायची, कारण पहिली एसटी सव्वासहाला थांबायची. मग चहाचे कप. दहापासून मोरी. मोरी म्हणजे मागच्या बाजूला गुडघ्याएवढ्या दोन टाक्या, एकीत राखेचं आणि सोड्याचं पाणी, दुसरीत साधं. सोड्याने बोटांच्या बेचक्यांतली कातडी सुटायची, मग रात्री तिथे गोडं तेल. संध्याकाळी परमिट रूममध्ये सोड्याच्या बाटल्या आणि बर्फ. बर्फ लादीतून टोच्याने फोडायचा, फडक्यात गुंडाळून. रात्री शेवटची खुर्ची उचलल्यावर चार टेबलं जोडून त्यावर झोप. थंडीत टेबलांवर, उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडखाली. पगार नव्हता. वर्षातून दोनदा बाप यायचा आणि आबांकडून उचल घेऊन जायचा. फुटलेला ग्लास त्या उचलीत मांडला जायचा. 'फुटतूट' असं वेगळं खातं होतं, ते मला सापडलं. त्यात ग्लासांची संख्या आहे, किंमत आहे. ग्लास कुणी फोडला ते नाही.

माझे सासरे वाईट माणूस नव्हते. पोरांना स्वतःच्या ताटात घेऊन जेवायचे, तापात असलं तर डॉक्टरकडे पाठीवर घेऊन जायचे. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. आणि तरी ती लहान मुलं होती, सोळा-सतरा तास उभी होती, आणि त्यांचा हिशेब कुणी ठेवला नाही. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या घरात घडल्या. त्यांपैकी एक सांगून दुसरी झाकायला मी तयार नाही.

कायदा नव्हता असंही नाही. १९४८ च्या मुंबई दुकाने व आस्थापना कायद्यात हॉटेलं आणि खाणावळींसाठी वेगळं प्रकरणच होतं: दिवसाचे नऊ तास, आठवड्याची सुट्टी. तो आणि दारूबंदीचा कायदा वर्षाच्या अंतराने आले. पण दारूच्या कायद्याची वही दर महिन्याला तपासली जायची, कामाच्या तासांची वही कुणी मागितली नाही. जे मागितलं जातं ते माणूस लिहितो. १० ऑक्टोबर २००६ पासून हॉटेल आणि ढाब्यांत चौदा वर्षांखालच्या मुलांना कामाला ठेवायला बंदी आली, तेव्हा आमच्या रस्त्यावरची पोरं एका आठवड्यात दिसेनाशी झाली. त्यांतली शाळेत किती गेली आणि वीटभट्टीवर किती, हे माझ्या मनातून अजून जात नाही.

गल्ल्यावर मी २००४ साली बसले, मिस्टर गेल्यावर. तोवर माझं काम भाकऱ्यांकडे बघायचं. आमच्याकडे उजनीच्या चिलापीचं कालवण चालतं, मटण चालतं, आणि भाकरी चुलीवरचीच लागते. १९८० मध्ये उजनी धरण झालं, नदीकाठची गावं पाण्यात गेली, आणि त्याच गावांतल्या बायका पुढे आमच्याकडे भाकऱ्या थापायला आल्या. २०११ साली आमच्या प्रभागात बाटली आडवी करायची म्हणून सह्या गोळा झाल्या. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. २००८ च्या शासन निर्णयाने गावातल्या एक चतुर्थांश महिला मतदारांनी मागणी केली तर मतदान घ्यावं लागतं, मतपत्रिकेवर दोन चित्रं, उभी बाटली आणि आडवी बाटली. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिकींनी आडवी निवडली तर दुकान बंद. पुढे शहरांतल्या प्रभागांनाही ती सोय मिळाली.

त्या अर्जाची प्रत मला मिळाली. त्यात आमच्याच भाकरीवाल्या मावशीचा अंगठा होता.

मी तिला कामावरून काढलं नाही, विचारलं मात्र. चुलीपुढे बसून, परातीतला हात न काढता ती म्हणाली, "तुमच्याकडनं शनवारी पगार न्यायचा, आन् रविवारी माझ्या पोरानं तो तुमच्याकडंच आणून द्यायचा. मग मी भाकरी कुनासाठी थापते?" तिचा मुलगा आमच्याकडे उधारीवर प्यायचा, आणि उधारी तिच्या नावावर चढत होती. ते खातं मीच लिहीत होते.

मतदान झालं. मी मतदार आहे, मी गेले, आणि उभ्या बाटलीवर शिक्का मारला. माझ्या घराची चूल त्यावर होती. आडवीला मतं जास्त पडली, पण एकूण मतदारांच्या निम्मी भरली नाहीत, म्हणून दुकान राहिलं. दुसऱ्या दिवशी मी उधारीची वही बंद केली. परमिट रूममध्ये उधारी नाही आणि कुणाच्याही पगारातून कुणाचीही दारू वजा नाही, हा नियम तेव्हापासूनचा आहे. मावशी अजून आमच्याकडे आहे. पुढच्या वेळी ती पुन्हा आडवीलाच मत देणार, हे तिने मला तोंडावर सांगितलं आहे, आणि तो तिचा हक्क आहे.

मग २०१७ आलं. सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१६ ला सांगितलं होतं की राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको, १ एप्रिलपासून. वीस हजारांपर्यंतच्या वस्तीसाठी ३१ मार्चला अंतर २२० मीटर केलं. आमचं दार रस्त्यापासून साठ फुटांवर. ३१ मार्चच्या रात्री आम्ही सगळा माल मोजून कपाटात घातला, चटईवर शेवटची शिल्लक लिहिली, आणि सील लागलं. ११ जुलैला न्यायालयाने नगरपालिकांच्या हद्दीबद्दल खुलासा केला, आमचं गाव नगरपरिषदेचं, तरी परमिट रूम उघडेपर्यंत गणपती उठले.

त्या पाच महिन्यांत माझ्यापुढे चौदा माणसं होती आणि निम्मा धंदा. कुणाला ठेवायचं, कुणाला सुट्टी द्यायची, हे ठरवायला बसले तर कळलं की कोण किती काम करतो हेच मला ठाऊक नाही. रोज रात्रीचा हात सवयीने चटईकडे जात होता, आणि लिहायला माल नव्हता. एका रात्री मी कोरी चटई घेतली. डावीकडे मालाच्या नावांच्या जागी माणसांची नावं लिहिली. आरंभीची शिल्लक, तिथे आल्याची वेळ. आवक, तिथे जेवणाची आणि टेकण्याची सुट्टी. विक्रीच्या घरात गेल्याची वेळ. शेवटच्या घरात तास.

परमिट रूम पुन्हा सुरू झाल्यावर पहिला पूर्ण महिना तशी लिहिली. मोरीवरचा माणूस साडेचौदा तास, सलग सव्वीस दिवस. रात्रीचा वेटर तेरा. बाटलीत अर्धा पेग कमी पडला तर मी रात्रभर शोधत बसणारी बाई, आणि रोजचे पाच-पाच तास माझ्या डोळ्यांदेखत गळत होते.

दोन पाळ्या केल्या, नऊ ते चार आणि चार ते साडेअकरा. तीन माणसं वाढवली, थाळी दहा रुपयांनी महागली. पहिले दोन महिने गिऱ्हाइकांनी कुरकुर केली. तिसऱ्या महिन्यात फुटतूट निम्म्यावर आली होती. ती पगारातून कापणं तर मी त्याआधीच थांबवलं होतं. थकलेल्या हातातून ग्लास सुटतो, एवढंच त्यात होतं.

आता तालुक्यातल्या हॉटेल-परमिट रूमवाल्यांच्या बैठकीला मी जाते. बैठकीत बोलणं कराचं असतं, आणि ते रास्तही आहे. २०२० मध्ये मार्च ते ऑक्टोबर बसून पिणं बंद होतं, त्यातून लोक सावरले नव्हते तोच नोव्हेंबर २०२३ पासून व्हॅट ५ चा १० टक्के झाला. २०२५ च्या जूनमध्ये भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं शुल्क उत्पादन खर्चाच्या ३ पटींवरून ४.५ पटींवर गेलं, आणि १४ जुलैला राज्यभर बार बंद ठेवले गेले. आमचाही होता. मी त्या दिवसाचा पगार सगळ्यांना दिला, आणि बैठकीत तसं सांगितलं. बंद मालकांचा होता, पोट कामगारांचं का मारायचं?

नवीन पोरं धंद्यात येतात, शिकलेली, मोबाइलवर चटई काढणारी. ती मला काकी म्हणतात आणि विचारतात, सुरुवात कशी करू. मी त्यांना सांगते, माणूस कामावर आला त्या दिवशी तारीख घालून कागद द्या आणि त्याची सही घ्या, तो निरक्षर असला तर वाचून दाखवा. उचल द्या, पण दोन महिन्यांच्या पगारापेक्षा जास्त नको, नाहीतर तो तुमच्याकडे कामाला राहत नाही, अडकून राहतो. मोरीवर रबरी हातमोजे आणि पायाखाली लाकडी फळी. बायका रात्री थांबत असतील तर घरापर्यंत रिक्षा तुमच्या खर्चाने, आणि दारू प्यालेल्या टेबलाला त्यांना वाढायला पाठवू नका, त्यांनी मागितल्याशिवाय. दहा माणसं झाली की तक्रार समिती कायद्याने लागते, २०१३ पासून. ती कागदावर नको, तिच्यातल्या बाईचा नंबर भटारखान्यात भिंतीवर लिहा. आषाढीत पालखी गावात असते तेव्हा परमिट रूम बंद असते, तेव्हा माणसांना सुट्टी द्या. आमची निम्मी माणसं त्या दिवशी वाढायला स्वतःहून उभी राहतात, पण ते वारकऱ्यांसाठी, माझ्यासाठी नाही.

वस्तादांचं उत्तर मला बाराव्या रात्री मिळालं. १९७५ सालची, अगदी पहिली चटई. डिसेंबर महिना. उजव्या बाजूचा समास आबा नेहमी कोरा सोडत. त्या पानावर तो कोरा नव्हता. शिसपेन्सिलीने, वरून खाली, वाकड्या अक्षरांत मुळाक्षरं गिरवलेली होती. वरची ओळ आबांच्या हाताची, गोल आणि ठसठशीत. खालच्या ओळी दुसऱ्याच्या. 'ख' चा कान दर वेळी उलटा. पुढच्या पानावर तेच, त्याच्या पुढच्यावरही. फेब्रुवारीपर्यंत 'ख' सुलटा झाला होता, आणि एका पानाच्या तळाशी वस्तादांचं नाव होतं, अनुस्वार सुटलेलं.

वही घेऊन मी भटारखान्यात गेले. वस्तादांनी हात पुसले, चष्मा लावला, बराच वेळ बघितलं. म्हणाले, "आबा चटई लिहायचे तवा मला शेजारी बसवायचे. झोप यायची. मग पाण्याचा हात तोंडावरनं फिरवायचे."

"म्हणजे पंचाहत्तरला होतात तुम्ही इथं."

"त्याच्या आधी दोन वर्षं. आमच्या गावाला खडी फोडायचं काम चाललं होतं तवा आलो."

दुष्काळाने सांगितलेली तारीख मला पुरेशी होती. १९७३ ते २०१९, शेहेचाळीस वर्षं. ग्रॅच्युइटीचा कायदा १९७२ चा, वस्तादांपेक्षा एक वर्षाने जुना. शेवटचा पगार १८,००० रुपये, त्याला २६ ने भागून, १५ ने गुणून, गुणिले ४६. ४,७७,६९२ रुपये. आमच्या वकिलांनी सांगितलं की अज्ञान वयातली वर्षं मोजायची का, यावर वाद घालता येईल. मी म्हटलं, मोरीत हात घातला त्या दिवसापासून मोजा. पैसे नव्हते. पतसंस्थेतून कर्ज काढलं, ते अजून फिटतंय.

जायच्या आदल्या दिवशी वस्ताद म्हणाले, ते पान मिळालं तर बरं होईल, नातवाला दाखवीन. परवान्याच्या वहीचं पान मी फाडून देऊ शकत नव्हते. सकाळी दुकान उघडल्या उघडल्या समोरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेले. चटई त्याच्या काचेवर मावेना. दोन तुकड्यांत काढली आणि मागून चिकटपट्टी लावली. वस्तादांनी ती घडी घालून पिशवीत ठेवली नाही. गुंडाळी करून, एसटीत शेवटपर्यंत हातात धरून नेली.